एव्होऱ्यात पाहण्यासारखं

पिपरी मेघे, वर्धा
१७ मार्च २०२४

शौनक,

पत्राच्या सुरुवातीले आशीर्वाद लिहायची रीत आहे. मोठ्या बहिणीनं तर लिहायलेच पायजे. पण हात वळून नाई राह्यला, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

पत्र काऊन, हे तू विचारशीनच. फोनवर तू मले बोलूच देत नाई. "ताई, ग्रुप घेऊन चाललो", "ताई, आवाज तुटून राह्यला", "ताई, उद्या करतो." म्हणून काल कॉलेजच्या लायब्ररीतून सुटली अन् सरळ पोस्टात तिकिटं घ्याले गेली. तिथल्या बाईनं पोर्तुगाल कोणत्या जिल्ह्यात असं काही विचारलं नाई, पण तोंड तसंच केलं.

बाबा जाऊन महिना होत आला. त्या दिवशीचं तुले मोबाइलवर दिसलं, तेही अर्धं. उरलेलं मी सांगते. बाबाले बाहेर काढलं तवा रूपरावकाका म्हणे, अग्नी कोण देणार? मी म्हटलं, मी. मी मोठी, मी इथं, दवाखान्यात शेवटपर्यंत उशाशी मीच बसली होती. काकानं खिशातून फोन काढला अन् तुले लावला. तू अंथरुणातून उठून डोळे चोळत म्हणाला, "स्वप्निलले देऊ द्या." झालं, ठरलं. काकाचा पोरगा स्वप्निल, जो बाबाले दिवाळी ते दिवाळी भेटे, त्यानं अग्नी देला. मी आईजवळ उभी राह्यली.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. आई म्हणे, निदान अस्थी तरी पोराच्या हातानं पाण्यात गेल्या पायजे. पुन्हा तुले फोन. तू म्हणाला, "ठेवा, मी येतो. माह्याशिवाय कोणी हात लावू नोका." तवापासून बाबा मोक्षधामाच्या कपाटात आहे. लोखंडी कपाट आहे, त्याले खण आहे, खणात लाल फडक्यात बांधलेलं मडकं. अस्थी घरात आणत नाई हे तुले माहीत असन. लोक चार-आठ दिवसात घेऊन जातात. तू म्हणाला, थोडं थांबा, राहायचं कार्ड नवीन व्हायचं आहे, आता देश सोडला तर परत घेणार नाई. बरं. मानलं.

अन् परवा तुह्या चॅनलवर व्हिडिओ आला. नाव काय, तर "बाबा".

तू एव्होऱ्याले शिकायले गेला अन् गाइड झाला, याचं मले काही नाई. पोर्तुगालमधलं जुनं शहर, जगातले लोक पाहायले येतात, तू दाखवतो. पोटापाण्याचं आहे. "चला एव्होरा पाहू" म्हणून मराठीत व्हिडिओ टाकतो, टाक. पण बाबाले त्याच्यात काऊन ओढलं? मागं ते रोमन लोकायचं देऊळ, संध्याकाळचं ऊन, तू चष्मा काढून डोळे पुसून राह्यला. "या खांबांसारखे माझे बाबा आयुष्यभर ताठ उभे राहिले." अन् भाषा पहा. "माझे", "मला", "तुम्हाला". घरात मले-तुले करणारा पोट्टा कॅमेऱ्यापुढं पुणेकर. अन् मधातच सांगून टाकलं, की या देवळात कित्येक वर्षं खाटकाचं दुकान होतं, म्हणून तर खांब वाचले. अरे, बापाच्या मधात खाटकाचं दुकान कायले आणलं? शेवटी काय, तर आवडलं असेल तर लाइक करा. बाबाचं मरण लोकायले आवडलं का नाई, हे तुले आकड्यात पायजे होतं का?

बाबाची सगळी नोकरी पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत गेली, जिथं कॅमेरा नेता येत नाई. फोटो काढतो म्हटलं का ते रुमालानं तोंड पुसत उठून जात. अन् तू त्यायच्या फोटोले हार घालून जगाले दाखवलं.

आई तो व्हिडिओ परत परत लावते. म्हणते, "पाय, किती रडून राह्यला माहा पोरगा." मी स्वयंपाकघरात निघून जाते.

यायची तारीख कळव.

चारुता


पिपरी मेघे
९ जून २०२४

शौनक,

कागदाले कागदानं उत्तर येईन वाटलं होतं. तू आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "ताई, तू भावनेच्या भरात बोलून राह्यली. कार्डाची प्रोसेस समजून घे. मी तिथं नसलो तरी मनानं तिथंच आहे." कुठं आहे रे? मले तर दिसला नाई. आईले ताप आला तवाबी नाई दिसला, सिलेंडर वरच्या मजल्यावर चढवतानाबी नाई दिसला.

दर रविवारी आपल्या घरी टीव्हीवर तुह्या चॅनलचा कार्यक्रम असते. समोरची नलूमावशी चहाच्या वेळी येते, तिची सून येते, आई त्यायले खुर्च्या मांडून देते. मागच्या वेळी तू तिथलं मोठं चर्च दाखवलं. दोन मनोरे, दोघायचा एकमेकाशी मेळ नाई. मावशी म्हणे, गवंडी बदलला असन. मंग आतमधी ती मेरीमातेची मूर्ती, दिवस गेलेली, पोटावर हात ठेवलेला. आईनं लगेच हात जोडले. "पोटुशी देवी पहिल्यांदाच पाह्यली," म्हणे. नलूमावशीले वेगळीच चिंता, की तिथं तिचं डोहाळजेवण करत असतीन का. खोटं काऊन बोलू, मलेबी हसू आलं.

त्याच्या आधी तू तो पाण्याचा पूल दाखवला होता. उंचच उंच कमानी, वरून जुन्या काळी शहराले पाणी येत होतं, अन् खाली कमानी-कमानीत लोकायनं घरं बांधली. एका कमानीत दार, एकीत खिडकी, एकीत दुकान. तू एका भिंतीवर हात ठेवला अन् हळूच म्हणाला, "ऐका, इथं अजून माणसं राहतात." लेका, चांगलं दाखवतो तू. हेच तर मले सहन होत नाई. त्या दगडायसाठी तुह्या आवाजात इतकी माया कुठून येते? आईशी बोलतानी तर "हं, हं, बोल लवकर" असते.

इकडचं ऐक. मेल्या माणसाच्या नावानं दहा दिवस लावायची पणती आई अजून लावून राह्यली. म्हणते, बाबा अजून वाटेलेच लागले नाई, तर अंधारात कसं ठेवू? कोणाच्या लग्नात जात नाई. कारंज्याच्या जयाचं लग्न झालं, सख्ख्या भावाची पोरगी, तर म्हणे, "माह्या घरचं माणूस कपाटात ठेवून मी अक्षता कशी टाकू?" मामा स्वतः घ्याले आला होता. तसाच परत गेला.

मृग लागला तवा तिले नवीनच भेव. पाणी कपाटात शिरलं तर? मी पाहायले गेली. मोक्षधामात श्रावण म्हणून माणूस आहे, तो चाब्या सांभाळते. त्यानं खण उघडून दाखवला. कोरडा होता. आजूबाजूचे खण भरतात, रिकामे होतात. आपला तसाच. श्रावण म्हणे, "भाऊ नाई आले का ताई? तुमचे बाबा आता इथले जुने झाले." वाईट मनानं नाई बोलला तो. मी बाहेर आली अन् स्कूटी सुरू न करता तिच्यावर बसून रडली.

त्या दिवशी आईले म्हटलं, मी सोडते अस्थी. कोणाले सांगायचं नाई, बोलवायचं नाई. आईनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी तुह्या मुळावर उठली. म्हणाली, "पोरगा जिता असतानी पोरीनं? लोक म्हणतीन, पोरगा मेला का काय."

म्हणजे तू तिकडं सुखरूप आहे, म्हणून माह्या हाताले बंदी. हे तुले कधी समजणार नाई. तुले कधी कोणी थांबवलंच नाई.

चारुता


पिपरी मेघे
६ ऑक्टोबर २०२४

शौनक,

दुबई कशी वाटली?

आपल्या मागच्या लाइनीत प्रफुल राहते, बँकेतला. काल गेटपाशी थांबवून म्हणे, "ताई, शौनकचं अभिनंदन सांगजा." मी म्हटलं, कायचं? त्यानं मोबाइल पुढं केला. मराठी व्हिडिओवाल्यायचा मेळावा, गळ्यात पट्टा, हातात काचेची ट्रॉफी, मधात तू. "एव्होऱ्यातली दहा पाहण्यासारखी ठिकाणं" या व्हिडिओसाठी. दात दिसून राह्यले होते तुहे.

कार्ड काय म्हणते मंग? देश सोडला ना? परत घेतलं ना त्यायनं? प्रफुलच सांगत होता, बाजूच्या शारजावरून नागपूरले सरळ विमान आहे, रात्री जेवण करून बसलं तर सकाळच्या चहाले माणूस घरी. तू तिथवर आला, ट्रॉफी घेतली अन् मागं फिरला.

मले फक्त काऊन ते सांग. मी आपल्या मनानं विचार करून पाह्यला. दोन वर्षाआधी तू आला होता तवा बाबा माह्या नवऱ्यासमोर, निशांतसमोर, तुले बोलले होते. "दुसऱ्यायचे राजवाडे दाखवणं हे काम नोय, हमाली आहे. ते बी तुह्या बापाचे असते तर गोठ वेगळी." तू ताटावरून उठला. त्याच्यानंतर बाबाशी बोलला नाई. बाबाची जीभ मले माहीत नाई का? मले तर लहानपणापासून तिचाच पाहुणचार भेटला. पण ज्याच्यावर राग धरला तो माणूस आता मूठभर राह्यला, शौनक. मडक्याशी कोणी अबोला धरते का?

तू त्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात मले विचारलं होतं, बाबा माहे व्हिडिओ पाहत होते का. मी तवा उत्तर नाई देलं. आज देते. नाई. एकबी नाई पाह्यला. आईनं टीव्ही लावला का ते उठून गच्चीवर जात अन् संपल्यावर खाली येत. लोक अशा वेळी सांगतात, लपून पाहत होते, मनातून लय अभिमान होता. तसं सांगून तुले बरं वाटवायचं माह्यानं होत नाई.

दुबईचं मी आईले सांगतलं नाई. प्रफुललेबी बजावलं. हे तुह्यासाठी केलं असं समजू नको. तिचा जीव त्या एका भरवशावर टिकून आहे, की पोराले येताच येत नाई. येता येऊनबी येत नाई म्हटल्यावर तिचं काय होईन?

चारुता


पिपरी मेघे
१२ जानेवारी २०२५

शौनक,

दुबईचा खुलासा ऐकला. "त्याची परवानगी वेगळी असते." असन बाप्पा. आम्ही अडाणी.

फेब्रुवारीत वर्षश्राद्ध आहे. तू आईले फोनवर म्हणाला, "येतो." माह्याशी नाई बोलला, तिच्याशी बोलला, म्हणून हे लिहून राह्यली. तिनं तुह्या खोलीतली गादी पिंजून आणली. तुले आवडते म्हणून ज्वारीचे पापड वाळवून ठेवले, थंडीत, रोज गच्चीवर चढून, त्या गुडघ्यायनं. मोक्षधामात श्रावणले स्वतः जाऊन सांगून आली, "पोरगा येऊन राह्यला." नलूमावशीले सांगतलं, दूधवाल्याले सांगतलं, कारंज्याले फोन करून सांगतलं.

यायचं नसन तर आताच सांग. मले शिव्या दे, काही बी म्हण, पण आता सांग. ऐन वेळी तिले उंबरठ्यावर उभी ठेवू नको.

चारुता


पिपरी मेघे
९ फेब्रुवारी २०२५

शौनक,

येऊ नको. हे मी रागानं नाई लिहून राह्यली. तुह्यासाठी काम राह्यलं नाई म्हणून लिहून राह्यली.

मागच्या रविवारी सकाळी तुहा निरोप आला, की फेब्रुवारी जमत नाई, मार्चमध्ये नक्की. आईनं ऐकला. ज्वारीचे पापड डब्यात भरून वर ठेवले. संध्याकाळी नलूमावशी आली, खुर्च्या मांडल्या, तुहा नवीन व्हिडिओ लावला. मले वाटलं होतं आज लावणार नाई. पण ती सवय झाली तिची, तुले पाहायची.

"एव्होरा: हे पाहिलं नाही तर काहीच पाहिलं नाही." हाडांचं देऊळ. चर्चच्या बाजूले खोली, अन् तिच्या भिंती, खांब, सगळे माणसाच्या हाडायचे. कवट्या रांगेत बसवलेल्या, मधात मांड्यायची लांब हाडं. तू सांगत होता, हजारो माणसं आहे इथं, जुन्या कबरस्तानात जागा नाई राह्यली म्हणून साधू लोकायनं त्यायची हाडं आणून रचली, का लोकायनं पाहून शहाणं व्हावं. तू मान खाली घातली, डोळे मिटले, हात बांधून उभा राह्यला. चांगला वेळ राह्यला. संगीत बंद केलं होतं.

नलूमावशीनं पदर तोंडाले लावला. आई टीव्हीकडं पाहत म्हणाली, "एवढ्या सगळ्यायचे पोरं आले नाई का?"

मले काही समजलंच नाई आधी. मी म्हटलं, आई, ते जुन्या लोकायचे आहे, साधूनं रचले, तो सांगून राह्यला ना. ती म्हणे, "साधूच रचतीन ना मंग. घरचं कोणी घ्याले आलं नाई तर ते बिचारे काय करतीन? कुठवर सांभाळतीन? आमच्या श्रावणसारखं."

तिले ते सगळं आपल्या मोक्षधामाचं कपाट वाटलं, शौनक. एकावर एक वाट पाहत बसलेले बाप. मी समजावून सांगणार होती. पण तेवढ्यात तू दारावरचं वाचलं. आधी त्यायच्या भाषेत, मंग तुह्या पुण्याच्या. "आम्ही हाडं इथं आहोत, तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत." आई मले म्हणे, "वाट पाह्यतात म्हणते का तो?" मी हाव म्हटलं. ती म्हणाली, "अन् हे त्याले वाचता येते." बस, एवढंच. रिमोट घेतला अन् तू बोलत असतानाच टीव्ही बंद केला. तुह्यावर टीव्ही बंद करतानी मी तिले पहिल्यांदा पाह्यलं.

सकाळी उठली तर ती आंघोळ करून, साडी नेसून, ओसरीत बसलेली. म्हणे, "निशांतले गाडी काढाले सांग." काका कुठून ऐकून बसले कोण जाणे, त्यायचा फोन. "वैनी, शौनकले विचारलं का?" आई म्हणाली, "त्याले विचारता विचारता वर्ष गेलं, भाऊजी. आता जे वाट पाहून राह्यले त्यायलेच विचारलं." अन् फोन माह्या हातात देला.

मोक्षधामात श्रावणनं आम्हाले पाह्यलं अन् चाबी घेऊन उठला. "आले का भाऊ?" आईनं माह्या दंडाले धरून मले पुढं केलं. त्यानं खण उघडला. मडकं आईनं गाडीत मांडीवर घेतलं अन् वाटभर त्याच्याशी बोलत होती. काय बोलत होती हे ऐकू येऊ नये म्हणून निशांतनं गाडीची काच खाली केली. थंडी होती तरी कोणी वर करा म्हटलं नाई.

भटजी नव्हते. आईले जे येत होतं ते ती म्हणाली, अर्धं चुकलं असन. मंग मले म्हणे, "सोड." मी पाण्यात उतरली. फडक्याची गाठ वर्षभरात घट्ट होऊन बसली होती, दातानं सोडवावी लागली. आत पांढरे पांढरे तुकडे, हलके, शेवग्याच्या वाळल्या शेंगेसारखे. एवढा भारी आवाज होता त्या माणसाचा, गल्लीच्या टोकाले ऐकू येई. मी हात पाण्यात धरला अन् थोडं थोडं जाऊ देलं. घाई केली नाई.

तुले वाटन, चारुताच्या मनासारखं झालं. नाई झालं. वर्षभर मले हेच पायजे होतं अन् भेटलं तवा मले काही आनंद झाला नाई. कारण ते मले बाबाची पोरगी म्हणून भेटलं नाई. तू आला नाई म्हणून भेटलं. तू ताटात टाकलेलं माह्या ताटात आलं. दुबईचं माफ करन मी कधीतरी, त्या "बाबा" व्हिडिओचंबी करन. हे नाई करणार.

आई ठीक आहे. काल कारंज्याले जाऊन आली, जयाले साडी नेसवली. जेवते. झोपते. तुह्याबद्दल वाईट बोलत नाई, चांगलंबी बोलत नाई. आज रविवारी नलूमावशी आली तवा दोघी अंगणात बसल्या.

वर्षश्राद्ध आम्ही करू. तू काकाले फोन करशीन अन् विचारशीन, कुठं नेलं, कोणत्या नदीवर, कोणत्या घाटावर. काकाले माहीत नाई. श्रावणलेबी नाई. आई, मी अन् निशांत, आम्हा तिघायलेच माहीत आहे. परत येतानी मी गाडीत आईले म्हटलं, शौनकले कळवते मी. ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, "झालं म्हणून कळवजो. जागा नोको सांगू. तो तिथं येईन, रडीन, अन् लोकायले दाखवीन."

म्हणून जागा लिहून नाई राह्यली.

चारुता